तुम्ही विचारलंत म्हणून: कायरनला मी का सोडलं

दर मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास माझा फोन वाजायला लागतो. "ताई, या आठवड्यात वेव्हरवर कुणाला उचलू?" नवख्यांसाठी: आपली फँटसी फुटबॉल लीग आहे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आपापल्या कागदी टीममध्ये घ्यायचे आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. वेव्हर म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेल्यांची यादी, तिथून बोली लावून माणूस उचलायचा. सप्टेंबरात कुणी विचारत नाही, तेव्हा प्रत्येक जण आपल्या ड्राफ्टवर, म्हणजे सीझनआधीच्या निवडीवर, खूश असतो. ऑक्टोबर उजाडतो, दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) लंगडायला लागतात, बाय वीक (टीमचा सुट्टीचा आठवडा) सुरू होतात, आणि मग मी आठवते. मी उत्तर देते. आकडे बघून, नीट वेळ काढून देते. उत्तर वाचून झालं की ग्रुपवर कुणीतरी हमखास टाकतंच, "पण कायरन विल्यम्सला सोडणारी तूच ना?" खाली हसणारे आठ चेहरे.

हो, रॅम्स टीमच्या त्या रनिंग बॅकला सोडणारी मीच. आता एकदाच सगळं सांगते.

आधी उचलण्याचं सांगते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. सीझनच्या मध्यावर मी गुणांचा रकाना झाकून ठेवते. सत्तर यार्डांचा एक टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणं) केलेला माणूस सोमवारी यादीत वर चमकतो, आणि पुढच्या रविवारी त्याच्या हातात दोनदा चेंडू येतो. मी बघते तो मैदानावर किती वेळ होता, त्याच्याकडे किती पास टाकले, गोलरेषेजवळ चेंडू कुणाला दिला. काम वाढलं असेल तर गुण मागून येतात. २०२१ च्या डिसेंबरात डेट्रॉइट लायन्सचा पास झेलणारा अमोन-रा सेंट ब्राऊन मला असाच मिळाला. लायन्स तोवर एकही सामना जिंकले नव्हते, त्यामुळे तिकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. डिआंड्रे स्विफ्ट आधीच जायबंदी होता, मग टी. जे. हॉकेन्सन गेला. गॉफ पास टाकणार कुणाला? व्हायकिंग्जविरुद्ध घड्याळ शून्यावर येताना विजयाचा टचडाऊन याच पोराने झेलला, आणि तिथून सीझन संपेपर्यंत सलग सहा सामने प्रत्येकी आठ किंवा जास्त झेल. हा किस्सा ग्रुपवर कुणी काढत नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवते.

बोलीचं म्हणाल तर गोल आकडा कधी लावू नका. वीसऐवजी एकवीस. बाकीचे सगळे वीसच लावतात. झालं.

पण एक माणूस टीममध्ये घ्यायचा तर एक काढावा लागतो, आणि हे कुणीच विचारत नाही. पंधरा वर्षं खेळतोय आपण, एकाही मंगळवारी मला कुणी "कुणाला काढू?" असं विचारलेलं नाही. ते जो तो रात्री एकटा ठरवतो. मीही तसंच ठरवलं.

ऑक्टोबर २०२३. सहा आठवडे झालेले, माझे दोन विजय, चार पराभव. कायरन माझ्याकडे पहिल्या आठवड्यानंतर वेव्हरवरूनच आला होता, अकरा डॉलरला. सिएटलविरुद्ध रॅम्सच्याच कॅम एकर्सने बावीस वेळा चेंडू नेऊन एकोणतीस यार्ड काढले आणि कायरनने दोन टचडाऊन केले, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे की मैदानावर जास्त वेळ कायरन होता. पुढच्याच आठवड्यात एकर्सला बसवलं, मग व्हायकिंग्जला देऊन टाकलं. तेव्हा तुम्ही मला "ज्योतिषी" म्हणत होतात, आठवतं का?

सहाव्या आठवड्यात ॲरिझोनाविरुद्ध कायरनने १५८ यार्ड काढले आणि घोटा दुखावून घेतला. त्याच सामन्यात त्याच्यामागचा रॉनी रिव्हर्सही गेला. कायरन आयआरवर (जायबंदी खेळाडूंच्या यादीत), म्हणजे किमान चार सामने बाहेर. त्यात रॅम्सचा बाय दहाव्या आठवड्यात, म्हणजे धरून पाच आठवडे. आपल्या लीगमध्ये आयआरची जागा एकच, आणि माझ्या त्या जागेवर व्हायकिंग्जचा जस्टिन जेफरसन बसलेला, मांडीचा स्नायू धरून. तो माझा पहिल्या फेरीतला. त्याला काढायचा सल्ला जगात कुणी दिला नसता. म्हणजे कायरनला पाच आठवडे बेंचवर पोसायचं, तेही अजून दोन हरले तर संपलेच या अवस्थेत. मी ग्रुपवर लिहिलंही होतं, "बुडत्याला पाच आठवड्यांनी येणाऱ्या होडीचा काय उपयोग?" वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

आणि रॅम्सकडे धडधाकट उरला होता झॅक इव्हान्स, सहाव्या फेरीतला नवखा. त्यांचा कोच मॅकव्हे एका रनिंग बॅकला धरून चालतो हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून मी कायरनला काढलं आणि इव्हान्सवर एक्केचाळीस डॉलर लावले. दुसरी बोली तेवीसची होती. ती लीगमधल्या आपल्या नागपूरकराची होती हे त्याने नंतर फोन करून आवर्जून सांगितलं.

त्याच आठवड्यात रॅम्सनी डॅरेल हेंडरसनला बोलावून घेतलं. आदल्या नोव्हेंबरात ज्याला त्यांनीच काढून टाकलं होतं, तोच. रविवारी स्टीलर्सविरुद्ध हेंडरसन आणि रॉइस फ्रीमन या दोघांनी मिळून तीस वेळा चेंडू नेला. इव्हान्सच्या नावापुढे शून्य.

आता यातली खरी बोचणारी गोष्ट. हे मला माहीत असायला हवं होतं. २०१८ च्या सोळाव्या आठवड्यात, आपल्या फायनलला, रॅम्सच्या टॉड गर्लीचा गुडघा दुखत होता. सगळ्यांनी अंदाज बांधला की नवखा जॉन केली खेळेल, आणि नागपूरकराने त्याला लावलं. रॅम्सनी मंगळवारी सी. जे. अँडरसनला आणलं होतं, त्याच सीझनमध्ये दोन टीमांनी सोडून दिलेला माणूस. त्याने रविवारी १६७ यार्ड काढले. कोच तोच, सवय तीच: अडचणीत सापडला की नवख्यापेक्षा अनुभवी माणूस आणायचा. त्यानंतर पाच वर्षं मी नागपूरकराला प्रत्येक ड्राफ्टला "केलीसाहेब" म्हणत होते. आणि एक्केचाळीस डॉलर लावताना मला केली आठवला नाही. चेष्टा लक्षात राहिली, ती कशावरून सुरू झाली ते विसरले.

कायरनला ठाणेकराने एका डॉलरला घेतलं. त्याची आयआरची जागा रिकामी होती. त्याने काही विचार केला, आकडे बघितले, असं मला वाटत नाही. एक डॉलर होता, जागा होती, टाकून दिला आत.

२६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी, नागपूरकराकडे तुळशीचं लग्न होतं. तुमच्यापैकी निम्मे तिथे होतात, पण तुम्हाला माझ्या बाजूने काय दिसत होतं ते माहीत नाही, म्हणून सांगते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये थंडी पडलेली, वहिनींनी तुळशीची कुंडी महिन्याभरापूर्वीच आत आणलेली. तिला हिरवा चुडा, लाल खण, चार बाजूंना इंडियन स्टोअरमधून आणलेल्या उसाच्या कांड्या, शेजारी चिंचा-आवळे. पुण्याहून आलेले वहिनींचे वडील मंगलाष्टकं म्हणणार होते. ॲरिझोनातला सामना चार वाजून पाच मिनिटांनी सुरू झालेला. बाहेर अंधारून आलं होतं. टीव्ही बंद ठेवायचा, असा वहिनींचा हुकूम.

अंतरपाट धरायला दोन जण पुढे झाले. एक टोक नागपूरकराच्या मुलीच्या हातात, दुसरं ठाणेकराच्या. त्याच्या दुसऱ्या हातात फोन.

मी अक्षता घेऊन बरोबर समोर उभी. स्वतःला बजावलं होतं की बघायचं नाही. पहिल्या अष्टकाला ठाणेकराच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, असेल दुसरं काही, मेसेज वगैरे. "शुभमंगल" म्हटलं गेलं, सगळ्यांनी मिळून "सावधान" म्हटलं, आणि त्याने अंतरपाटावरून माझ्याकडे बघितलं. वाईट नजर नव्हती ती. कीव होती. त्याने हसून दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या अष्टकाला मी स्वतःच फोन काढला. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कायरन, झेल, टचडाऊन. पुढे त्याने आणखी एक टचडाऊन केला, तोही पास झेलून. पळून १४३ यार्ड, झेल घेऊन ६१, एकूण २०४. घोट्याला काही झालं होतं की नाही, असा प्रश्न पडावा असा पळत होता. मी त्याला काढलं तेव्हा माझ्या बेंचवर आणखी कोण होतं, ते पुढे सांगते.

मुलांनी अक्षता उधळल्या, त्यातल्या काही ठाणेकराच्या फोनवर पडल्या. त्याने त्या बोटाने हलकेच बाजूला सारल्या, खालचा आकडा दिसावा म्हणून. जेवताना तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "खरं सांगू का ताई, मी त्याला विसरूनच गेलो होतो. शुक्रवारी ॲपने आठवण करून दिली." मला आजही कळत नाही की हे त्याने माझं दुःख हलकं करायला सांगितलं की वाढवायला. मी त्याला आणखी वांग्याची भाजी वाढली.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मी कशीबशी सात विजय, सात पराभव करत सहावी म्हणून प्लेऑफला गेले. पंधराव्या आठवड्यात समोर ठाणेकर. कायरनने वॉशिंग्टनविरुद्ध १५२ यार्ड आणि एक टचडाऊन केला. मी सहा गुणांनी हरले. पुढच्या आठवड्यात सेंट्सविरुद्ध १०४, फायनलला जायंट्सविरुद्ध तीन टचडाऊन. ट्रॉफी अजून ठाणेकराच्या फायरप्लेसवर आहे, गणपतीच्या बाजूला. आणि ज्याच्यासाठी मी आयआरची जागा अडवून धरली तो जेफरसन चौदाव्या आठवड्यात परतला, दोन झेल घेतले आणि छातीला मार लागून बाहेर गेला. व्हायकिंग्ज तो सामना ३-० असा जिंकले. अमेरिकन फुटबॉलमध्ये.

आजवर तुम्ही विचारलंत की मी इथपर्यंतच सांगत आले: आयआरची जागा भरलेली, पाच आठवडे, दोन-चारची अवस्था, दुसरा इलाज नव्हता. ऐकणारा मान डोलावतो.

दुसरा इलाज होता. माझ्या बेंचवर माइल्स सँडर्स होता.

पँथर्सनी त्याला त्या वर्षी चार वर्षांच्या करारावर आणलं होतं आणि मी त्याला पाचव्या फेरीत घेतला होता, चढ्या भावाने, तुमच्या सगळ्यांच्या देखत, "हा माझा या वर्षीचा हुकमाचा एक्का" असं म्हणून. ऑक्टोबरपर्यंत त्याची जागा चुबा हबर्ड खात होता. सँडर्सचा खांदा दुखत होता. आणि मी ज्या मंगळवारी कायरनला काढलं, त्या आठवड्यात पँथर्सचा बाय होता. म्हणजे न खेळणारे दोघं होते माझ्याकडे, आणि मी त्यातला चांगला काढला. का, तर कायरन अकरा डॉलरचा, वेव्हरवरून आलेला. आला तसा गेला, एवढंच वाटलं. सँडर्सला काढलं असतं तर ड्राफ्टच्या रात्री मी चुकले होते हे लिहून दिल्यासारखं झालं असतं. त्याला मी अकराव्या आठवड्यात सोडलं. त्याच्यावर कुणी एक डॉलरही लावला नाही. वर्षभरात त्याने ४३२ यार्ड काढले.

म्हणजे जी बाई दर मंगळवारी तुम्हाला सांगते की गुण झाकून काम बघा, तिने स्वतः ना गुण बघितले, ना काम. तिने आपली किंमतीची चिठ्ठी बघितली.

आता यावर माझंच म्हणणं असं की तेव्हा हे दिसत नव्हतं. घोटा ही वाईट दुखापत आहे, रनिंग बॅक त्यातून परत येतो तेव्हा बरेचदा निम्माच येतो. कायरन बारा सामन्यांत ११४४ यार्ड काढून लीगमध्ये तिसरा येईल, हे त्या मंगळवारी कोण म्हणत होतं? तुम्हीही नव्हतात म्हणत; नाहीतर त्याला घ्यायला एक डॉलर पुरला नसता. अकराच्या अकरा जणांना तो मिळू शकत होता. दहा जणांनी बोटही उचललं नाही, आणि हसणारे चेहरे मात्र मला.

पण हे बोलून झालं की मला सँडर्स आठवतो. मग वाटतं की घोट्याचा अंदाज चुकला ते माफ आहे, हे माफ नाही. मग परत वाटतं, सँडर्सला काढून कायरन ठेवला असता, तरी इव्हान्सवर एक्केचाळीस डॉलर मी घालवलेच असते, आणि नवव्या आठवड्यात कुठल्यातरी बायच्या गडबडीत कायरनला सोडलंच असतं. मी स्वतःला ओळखते. की नसतं सोडलं? नवरा म्हणतो, तीन महिने तुळशीच्या लग्नाचे फोटो तू बघितले नाहीस, यावरूनच समज. काय समजायचं ते तो सांगत नाही.

आज मंगळवार आहे. वेव्हर पहाटे तीनला लागतात. एका पोराचं काम गेले दोन आठवडे वाढलंय, नाव अर्थातच सांगणार नाही, सतरा डॉलरची बोली लावून ठेवली आहे. काढायच्या जागी मी आतापर्यंत तीन नावं टाकून खोडली. चौथा उरतो तो माझा तिसऱ्या फेरीतला. ठाणेकराचा आत्ताच मेसेज आलाय, "ताई, कुणाला उचलू?" त्याला विचारणार आहे की तू काढतोयस कुणाला. आधी त्याने सांगावं, मग मी.