कॅमेरा धरणाऱ्याची कंबर: माझा अनुभव

गोव्यातल्या शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) मिरवणुकीत रोमटामेळासमोर, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत येणाऱ्या पथकासमोर, उलट पावलांनी चालत शूटिंग करणं, याच्याइतकं कंबर मोडणारं काम आमच्या धंद्यात दुसरं नाही. गिंबल (कॅमेरा हलू न देणारा हातातला दांडा), कॅमेरा, लेन्स मिळून वजन 3 किलोच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेच वजन छातीपासून हातभर पुढे धरलं की कंबरेच्या मणक्यांवरचा ताण कितीतरी पटींनी वाढतो, आणि गिंबल पुढे धरल्याशिवाय चालत नाही. माझ्या मते खांद्यावरचा जुना जड कॅमेरा परवडला; त्याचं वजन निदान अंगावर तरी असायचं.

फोंड्यात एका लग्नाला लाइटची पेटी उचलताना उसण भरली. नेहमीचंच म्हणून बाम चोळला, तर डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलेली दिसली. आई म्हणाली, "आता महिनाभर अंथरुणातून उठू नकोस." डॉक्टरांनी उलटं सांगितलं: पडून राहिलास तर स्नायू आणखी ढिले होतील, झेपेल तेवढं चालत राहा. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं, हे ऐकून घरच्यांच्या जिवात जीव आला.

खरा आधार दिला फिजिओथेरपीने. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, कंबर सैल सोडायची. सुरुवातीला कंबर जास्तच ठणकायची आणि मी घाबरायचो. तेव्हा फिजिओ मॅडमनी समजावलं की मुंग्या पोटरीतून मांडीत, मांडीतून वर सरकत असतील तर कंबर थोडी दुखली तरी ते सुधारण्याचंच लक्षण. त्या खाली उतरायला लागल्या तर मात्र व्यायाम थांबवून सांगायचं. मग मी रोज कंबरेपेक्षा पोटरीकडेच लक्ष द्यायला लागलो. मुंग्या गेल्यावर पोटाचे आणि कुल्ल्यांचे व्यायाम सुरू झाले. ते आजही चुकवत नाही.

कामाची पद्धतही बदलली. चालता शॉट नसेल तर मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड. जत्रेतला काला (दशावतारी नाटक) रात्रभर चालतो, तिथे ट्रायपॉड डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे ओणवं व्हावं लागत नाही. पेटी उचलताना गुडघे वाकवून ती अंगाला चिकटवायची. आणि मिरवणूक असेल तर आलटूनपालटून गिंबल धरायला दुसरा माणूस हवाच. त्याचे पैसे मी बुकिंग घेतानाच सांगतो. काही गिऱ्हाइकं त्यावरून दुसरीकडे गेली, जाऊ देत.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना एक कळकळीने सांगतो. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर तेल, पट्टा, व्यायाम काहीही करत बसू नका. हातातलं शूटिंग सोडा आणि त्याच घटकेला इस्पितळ गाठा.