तुम्ही विचारलंत म्हणून: पीआरपीने माझा गुडघा बरा झाला का?

लग्नकार्यात, स्टाफरूममध्ये, खो-खोच्या मैदानावर मला चालताना पाहिले की हाच प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' एवढेच हवे असते. मला आज जिना उतरता येतो, हे खरे आहे. तो पीआरपीच्या, म्हणजे माझ्याच रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकवटून गुडघ्यात दिलेल्या इंजेक्शनमुळे उतरता येतो, असे मी म्हणणार नाही. पण माझी फसवणूक झाली, असाही अर्थ कृपया काढू नका.

उजव्या गुडघ्यातली गादी खेळताना फाटली होती आणि पुढे कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजत गेली होती. हातातून रक्त काढून, ते यंत्रात फिरवून, प्लेटलेट असलेला पिवळसर द्रव सांध्यात सोडेपर्यंत सारे सुरळीत पार पडले. त्या रात्री मात्र गुडघा इतका सुजला की पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना. सूज उतरवणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणू शकतात, म्हणून त्या घ्यायच्या नाहीत, अशी ताकीद होती आणि पॅरासिटामॉलने काहीच भागत नव्हते. मुलगी रात्रभर उशाशी बसून होती. पहाटे तिने दवाखान्यात फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले की दुखते आहे म्हणजे औषध काम करते आहे. इंजेक्शननंतर काही दिवस दुखणे वाढू शकते, त्यामुळे ते उत्तर अगदीच निराधार नव्हते. पण पुढे दुखणे ओसरले, तेव्हाही औषध काम करते आहे, असेच सांगण्यात आले. दुखले तरी गुण आणि थांबले तरी गुण, तर मग गुण आला नाही हे ओळखायचे कशावरून, हे मी विचारले आणि मला उत्तर मिळाले नाही. माझा राग त्या रात्रीच्या वेदनेवर नाही, या न मिळालेल्या उत्तरावर आहे.

ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या २८८ जणांपैकी काहींना पीआरपीची आणि काहींना साध्या सलाइनची (औषध नसलेल्या मिठाच्या पाण्याची), दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने दिली. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षभराने दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले होते आणि त्यांच्यात दखल घेण्याजोगा फरक नव्हता. कूर्चेच्या झिजेतही नव्हता. दुखणे शिगेला पोहोचले असताना आपण इंजेक्शनकडे वळतो आणि एरवीही ते थोडे उतरणारच असते, हे मला तेव्हा पटले. शिवाय त्याच काळात मी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करत होते, वजन उतरवले होते आणि मैदानावरच्या उड्या बंद केल्या होत्या.

पण इंजेक्शननंतर सर्वांना 'जरूर घ्या' असे सांगणारी तेव्हाची मी हे ऐकून गप्प बसत नाही. ते व्यायाम तर आधीही सांगितले होते, वेदनेमुळे जमत नव्हते, ते इंजेक्शननंतरच जमू लागले, असे ती म्हणते. त्या चाचणीत पांढऱ्या पेशी कमी ठेवलेले पीआरपी वापरले होते आणि ते बनवण्याची पद्धत सगळीकडे सारखी नसते, हेही ती बजावते. तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही.

आता डावा गुडघाही तसाच दुखू लागला आहे. त्याला इंजेक्शन घ्यायचे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.