वरच्या खोलीतला कॉम्प्युटर, हॉलमधला टीव्ही

सिडकोतलं रो-हाउस. कॉम्प्युटर वर, टीव्ही खाली, मधे स्लॅब. २०१५ च्या सिंहस्थाचं चित्रीकरण, लग्नाचे व्हिडिओ, जुन्या डीव्हीडींच्या कॉप्या, सगळं वरच्या हार्ड डिस्कवर, आणि बघायचं खालच्या टीव्हीवर. पेनड्राइव्हने भागत नव्हतं. एफएटी-३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये करून दिला तर प्रत्येक टीव्ही तो वाचेलच असं नाही.

आधी विंडोजमधलंच मीडिया स्ट्रीमिंग (नेटवर्कवरून टीव्हीला व्हिडिओ पुरवायची सोय) कंट्रोल पॅनलमधून चालू केलं. नेटवर्क ‘पब्लिक’ होतं ते ‘प्रायव्हेट’ केलं, कारण पब्लिकवर विंडोज कॉम्प्युटरला इतरांपासून लपवून ठेवतं. तरी टीव्हीच्या सोर्समध्ये कॉम्प्युटर काही दिसेना.

घोळ दोन राउटरचा निघाला. इंटरनेटवाले बसवून देतात तो फायबरचा डबा बहुतेक वेळा स्वतःच राउटर असतो. हॉलमध्ये रेंज येत नाही म्हणून त्याला आपण दुसरा राउटर जोडतो, आणि घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि टीव्हीचा १९२.१६८.०.१०४ असं दिसलं की समजायचं. हे स्ट्रीमिंग डीएलएनए नावाच्या पद्धतीने चालतं. त्यात उपकरणं हाका मारून एकमेकांना शोधतात, आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. इंटरनेट दोन्हीकडे नीट चालतं, त्यामुळे इकडे कुणाचं लक्षच जात नाही. टीव्ही गेस्ट वायफायवर असला तरी हाच प्रकार.

दुसऱ्या राउटरला ऍक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पुरवणं) असेल तर तो लावला की झालं. माझ्या राउटरला नव्हता. मग वॅनची (बाहेरून इंटरनेट येतं त्या पोर्टची) केबल काढली, राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं आणि शेवटी वरून आलेली केबल लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टात खोचली. हाच क्रम ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलं तर राउटरचं पान उघडायची पंचाईत होते आणि रीसेटच्या भोकात टाचणी घालायची वेळ येते.

आता टीव्हीला कॉम्प्युटर दिसला, पण नुसती फोल्डरची यादी, सबटायटल कधी येतं कधी नाही. म्हणून कॉम्प्युटरवर जेलीफिन टाकलं, म्हणजे व्हिडिओंची लायब्ररी करून टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि घरातल्या घरात चालायला इंटरनेट लागत नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्ये जेलीफिनचा ८०९६ नंबरचा पोर्ट (आत यायची वाट) मोकळा केला, मुख्य राउटरमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता राखून ठेवला (नाहीतर तो कधीतरी बदलतो आणि टीव्हीवरचं ऍप शोधत बसतं), कॉम्प्युटरचं स्लीप बंद केलं. अँड्रॉइड टीव्हीवरच्या ऍपमध्ये पत्ता आणि पोर्ट दिला की लायब्ररी समोर.

खरी डोकेदुखी अडखळण्याची. टीव्हीला फाइल झेपत नसेल तर जेलीफिन ती चालता चालता बदलून देतं, म्हणजे ट्रान्सकोडिंग. चौथ्या पिढीच्या आय-३ ला ते पेलत नाही. त्यातल्या ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) उलगडायची सोयच नाही, ती इंटेलमध्ये सहाव्या पिढीपासून आली, १०-बिट (रंगांच्या जास्त छटांच्या) व्हिडिओसाठी सातव्या. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू व्हिडिओसोबत ट्रान्सकोडिंगचं कारण दिसतं, ते वाचा. कारण आवाजाचं असेल तर सोपं: बरेच टीव्ही डीटीएस प्रकारचा आवाज वाजवत नाहीत. एफएफएमपेग या प्रोग्रॅमने चित्र जसंच्या तसं कॉपी करून फक्त आवाज एसी-३ प्रकारात, ६४० केबीपीएसवर केला. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे काम पटकन उरकतं. लग्नाच्या व्हिडिओंचं मात्र वेगळं. काही कॅमेऱ्यांची मूळ फाइल एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीची पद्धत) मध्ये १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारी) असते आणि ती बहुतेक टीव्हींना उलगडत नाही. ती हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरने ८-बिट करून घेतली, रात्री लावून ठेवायची. माझं मत असं की कॉम्प्युटरवर खर्च करण्यापेक्षा फाइल एकदाच टीव्हीच्या पचनी पडेल अशी करून ठेवावी.

वायफायचं थोडक्यात: ५ गिगाहर्ट्झ स्लॅबमधून अशक्त होऊन येतं, म्हणून दोन राउटरमध्ये कॅट-६ नेटवर्क केबल टाकली. टीव्ही आणि खालचा राउटर एकाच खोलीत असतील तर टीव्हीला ५ गिगाहर्ट्झवरच ठेवा. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, आणि फोर-के ब्लू-रेची फाइल अधूनमधून त्याच्याही वर जाते.

मराठी सबटायटलच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कचरा आला तर सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा. उघडल्यावर तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं आधीच्या सेव्हमध्येच गेली, फाइल नव्याने मिळवावी लागेल. एसआरटी फाइलचं नाव व्हिडिओचंच ठेवायचं. जेलीफिनमध्ये ‘बर्न इन’ (सबटायटल चित्रातच छापणं) चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर सबटायटल लावलं की ट्रान्सकोडिंग परत सुरू होतं.