हंड्यात काका दिसेनात

शेठचा निरोप तीन शब्दांचा होता. "चिकटवल्यासारखं वाटतंय, मॅडम."

संगणकात घडवलेली वस्तू खऱ्या चित्रात बसवण्याच्या आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट शेरा नाही. त्यातून तो खरा असला की उत्तरही देता येत नाही.

नाशिकच्या भांडी बाजारातली एक जुनी पेढी, वीस सेकंदांची जाहिरात. गोदाघाटाच्या पायरीवर पुरुषभर उंचीचा तांब्याचा हंडा ठेवलेला दिसायला हवा, आणि तीन कॅमेऱ्यांनी तो तीन बाजूंनी दाखवायचा. तेवढा हंडा घडवणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो संगणकात घडवला. शेठ प्रत्येक बैठकीत "हे फाळक्यांचं नाशिक आहे" असं बजावायचे, म्हणजे आम्ही जणू उसनवारीवर सिनेमा करतोय. हंड्यावर मी खूप जीव टाकला होता. मठारकामाचे, म्हणजे हातोडीने घडवल्याचे, ठोके ओळीत, पण एकाची खोली दुसऱ्यासारखी नाही. कान जरा जाडसर. गळ्यापाशी सांध्याची बारीक रेघ. हंडा चांगलाच होता. घाटावर ठेवला की मात्र तो घाटावर नसायचा. आणि तीन कॅमेऱ्यांत तीन वेगळे हंडे वाटायचे : एक तांब्याचा, एक गुलाबीसर, एक चक्क प्लास्टिकचा.

नकली वस्तू खऱ्या जागेत बसवायची तर त्या जागेचा उजेड बरोबर आणावा लागतो. त्याची रूढ रीत साधी आहे. वस्तू जिथे यायची तिथे आरशासारखा चकचकीत गोळा ठेवायचा आणि कमी-जास्त उजेडात त्याचे बरेच फोटो काढायचे. गोळ्यात चहूबाजूंचं जग दिसतं. ते फोटो एकत्र केले की कुठून किती उजेड येतो याचा नकाशा हाती लागतो. पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ साली ही पद्धत मांडली, आणि तिची नातवंडं-पतवंडं आज मोबाइलमध्येही नांदतायत. आम्हीही तेच केलं होतं. चित्रीकरण आठच्या सुमाराला झालं आणि गोळ्याचे फोटो पावणेदहाला. मधे घाटावर गर्दी झाली, असं मी शेठना सांगितलं. खरं कारण मिसळ होती.

आठवड्याने, जानेवारीतल्याच एका सकाळी, आम्ही पुन्हा घाटावर. साडेसहा वाजलेले, दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे, बोटं वाकत नव्हती इतकी थंडी. पाण्यावरून वाफ निघत होती. या वेळी मी शेठकडे खरा हंडा मागितला होता, घरगुती मापाचा का असेना. तो घेऊन त्यांचे तांबट काका आले. हंडा पंच्यात गुंडाळलेला. आदल्या रात्री चिंचेने घासून आणला होता म्हणे.

लॅपटॉपवर मी जुन्याच नकाशावर चाललेला आमचा हंडा लावला. समोरचा कॅमेरा घाट दाखवतोय आणि पायरीवर नकली हंडा उभा, असं थेट दृश्य. काका बघायला पुढे आले, मग त्यांना वाटलं आपणही चित्रात दिसावं, म्हणून पायरीवर जाऊन हंड्याच्या जागेशेजारी उभे राहिले. परत येऊन पडद्यावर वाकले.

"ताई, मी एवढा खेटून उभा होतो ना?"

"हो काका."

"मग यात मी कुठंय?"

मी काहीतरी सांगायला लागले, की हे अजून कच्चं आहे, वगैरे. काकांनी ऐकलं नाही. त्यांनी खरा हंडा पायरीवर ठेवला, माझ्या ट्रायपॉडच्या पिशवीतली सरळ काठी उचलली आणि हंड्याच्या पोटासमोर उभी धरून हळूहळू सरकवायला लागले. पोचा असा शोधतात. काठीची सावली नव्हे, तिचं प्रतिबिंब बघायचं. ते जिथे मोडलं तिथे पोचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं : तुमच्या हंड्यात काठी दिसत नाही, मग पोचा कसा काढणार?

नकली हंड्याला पोचा नसतो हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मला घाम फुटला तो वेगळ्या कारणाने. गोळ्यावरून केलेला नकाशा म्हणजे हंड्याभोवती फार दूरवर ताणलेला गोल पडदा. आकाश आणि पलीकडचा काठ त्यात ठीक बसतात. लांबची माणसं चार पावलं सरकली तरी त्यांना फरक पडत नाही. पण हातभर अंतरावरची पायरी, शेजारी उभा माणूस? त्यांचं प्रतिबिंब हंडा वीतभर हलला तरी बदलतं. शिवाय आमचा गोळा छातीच्या उंचीवर होता आणि हंडा टेकलाय खाली, दोन मीटर पुढे. म्हणजे मी उजेड एका जागेचा मोजला होता आणि लावला होता दुसऱ्याच जागेला.

तेवढ्यात ऊन आलं, आणि खऱ्या हंड्याने उरलेलं सगळं दाखवून दिलं.

हंड्याचं पोट खालून पेटलं. दुसरा शब्द नाही. सूर्य पाण्यावरून तिरपा येत होता आणि पाण्यातला दुसरा सूर्य खालून हंड्यावर पडत होता. लाटेसरशी तो उजेड तांब्यावर थरथरत होता. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असताना शांत पाणी त्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड परत फेकतं. तीस अंशांवर जेमतेम सहा टक्के. आठ वाजताचा सूर्य दहा अंशांच्या आसपास, पावणेदहाचा तिसाच्या. म्हणजे मी मिसळ खात होते तेवढ्या वेळात गोदावरीने तो दुसरा सूर्य गिळून टाकला होता, आणि मी नकाशा काढला तो त्यानंतरचा. हंड्याचं पोट प्लास्टिकचं वाटणार नाही तर काय!

गुलाबी हंड्याचं कारण इतकं काव्यमय नव्हतं. तिसऱ्या कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग सावरून घेण्याची सोय, ऑटोवर राहिला होता. चौकटीत भगवं-तांबडं जरा जास्त आलं की तो आपल्या मनानेच निळं मिसळायचा. आमच्या सहायकाने मान खाली घातली. मीही तपासलं नव्हतं, त्यामुळे मी मान वर करण्याचा प्रश्नच नव्हता.

हाताशी अर्धा तास होता. सोबत चार छोटे फिशआय, म्हणजे फार रुंद दृश्य टिपणारे, कॅमेरे आणले होते, ते हंड्याच्या जागेभोवती पायऱ्यांवर खाली बसवले. दोघांवर काळ्या काचा, म्हणजे ते सूर्य आणि पाण्याची चमक बघतील. दोघं उघडे, ते सावलीतलं टिपतील. फोटो नाहीत, व्हिडिओ, कारण मला ती थरथरही हवी होती. आधीचे तीन आणि हे चार, असे सातही कॅमेरे एकमेकांपासून कुठे आहेत हे कळायला बुद्धिबळाच्या पटासारखी चौकड सगळ्यांना दाखवावी लागते. ती आम्ही सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर, चिकटवून आणली होती आणि दवाने सनबोर्ड पापडासारखा वाकला होता. वाकडा पट म्हणजे वाकडं गणित. शेवटी शेजारच्या पूजेच्या दुकानातून लाकडी पाट मागून आणला आणि कागद सोलून त्यावर लावला. पायऱ्यांची उंची-रुंदी टेपने मोजली.

सगळं जुळलं, आणि एक आजी आल्या. त्यांनी दोन नंबरचा फिशआय उचलला, चार बोटं बाजूला ठेवला आणि मोकळ्या झालेल्या पायरीवर आपलं तांबडंलाल ओलं लुगडं पसरलं.

"आजी, अहो, तो कॅमेरा..."

"मी रोज इथंच वाळत घालते."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पाट पुन्हा नाचवला, सगळी जुळणी पुन्हा केली. आठ वाजून दोन मिनिटांनी रेकॉर्डिंग सुरू झालं. लुगडं जिथल्या तिथे.

एक राखाडी चेंडूही पायरीवर ठेवला होता. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमधून रंगाखालचा प्रायमर मारून आणलेला, चमक नसलेला. त्याचं काम असं : सूर्य इतका प्रखर, की सेकंदाचा आठ हजारावा भागच शटर उघडलं तरी फोटोत तो पांढराफटक येतो. खरा जोर किती ते कळतच नाही. मग हिशेबातला सूर्य मिणमिणता राहतो आणि नकली वस्तूची सावली फिकी पडते. चेंडूची उन्हातली बाजू खरी किती उजळ दिसते आणि नकाशाच्या हिशेबाने किती दिसायला हवी, यातली तूट काढायची आणि ती सगळी सूर्याच्या त्या अर्ध्या अंशाच्या टिकलीत भरायची. आमची तूट मोठी निघाली. पहिल्या वेळी हंड्याची सावली ढगाळ दिवसासारखी का होती, तेही कळलं.

दुपारी गंगापूर रोडवर ऑफिसात बसून घाट उभा केला. फार सुबक नाही : पायऱ्यांचे ठोकळे, पाण्याचा सपाट पत्रा, पलीकडच्या काठाची एक उभी भिंत. एकच पायरी दोन कॅमेऱ्यांना जराशी वेगळी दिसते, त्या फरकावरून तिचं अंतर निघतं. आपले दोन डोळे हेच करतात. मग चारही फिशआयची चित्रं त्या ठोकळ्यांवर पसरली. आता पायरी पायरीच्या जागी होती आणि पाणी पाण्याच्या. हंडा त्यात टेकवला. पोट खालून उजळलं, थरथरलं. सहायक काही बोलला नाही, फक्त खुर्ची जवळ ओढली.

रेकॉर्डिंगच्या वेळी काका हंड्याच्या जागेला खेटून उभे होते. संगणकातल्या घाटात त्यांना ठोकळा म्हणून मी एक उभा पुठ्ठा दिला होता. हंड्याच्या उजव्या कुशीवर ते दिसले, लांबट, बारीक, पंचा खांद्यावर.

संध्याकाळी पेढीवर दाखवायला गेलो. काकांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले, स्वतःला शोधून काढलं. "हां," म्हणाले, आणि गल्ल्याशेजारी जाऊन बसले.

शेठनी तीनदा पाहिलं. तिन्ही कॅमेऱ्यांत एकच हंडा होता. चिकटवल्यासारखं वाटतंय का, असं मी विचारलं नाही.

"झकास," ते म्हणाले. "फक्त खाली तो लाल डाग काय आहे? तांब्यात खोट असल्यासारखं दिसतं. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

ते आजींचं लुगडं होतं. हंड्याच्या पोटावर बरोबर त्या जागी, बरोबर तेवढं लाल. अख्ख्या कामातली सगळ्यात अचूक गोष्ट. मी समजावून सांगितलं. उजेड, पायरी, ओलं कापड. शेठ नम्रपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ते कळलं मॅडम. पण काढता येईल ना?"

काकांकडे पाहिलं. ते हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले होते.

रात्री ऑफिसात परत येऊन लुगड्याचा रंग निम्म्याने उतरवला. पूर्ण काढला नाही. जाहिरात तशीच गेली. शेठनी पुन्हा विचारलं नाही.