मेथी आणि खंड्या

जानेवारीतल्या एका पहाटे साडेचारला मी आणि माझी भाची पुणे-सोलापूर रस्त्याला लागलो. सांगायला आम्ही भिगवणला पक्षी बघायला निघालो होतो. खरं म्हणजे मला तिच्या नव्या कॅमेऱ्याला हात लावायचा होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माझा कॅमेरा सोनीचा ए६०००, २०१४ सालचा. अगदी तळाच्या पायरीवरचा नव्हे, त्याच्याही खाली ए५००० होता. पण 'पहिला मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, कुठला घेऊ?' असं कुणी विचारलं की पुढे कितीतरी वर्षं लोक याच्याकडेच बोट दाखवायचे. बॅटरी-कार्डासकट वजन ३४४ ग्रॅम. थंडीत जॅकेटच्या खिशात टाकला तर विसरायलाही होतं. भाचीचाही सोनीचाच, ए९ थ्री. २०२३च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला, ७०२ ग्रॅमचा. लग्नं आणि कबड्डीचे सामने यांवर तिचं पोट चालतं, आणि त्या पोटातूनच कॅमेऱ्याचे हप्ते जातात. माझा बाजारात आला तेव्हा अमेरिकेत किट लेन्ससकट, म्हणजे सोबत येणाऱ्या साध्या लेन्ससकट, ८०० डॉलरला मिळायचा. तिचा लेन्सशिवाय ६,०००च्या घरात. आपल्याकडचा आकडा मी तिला कधी विचारला नाही. तो ताईनेच एकदा चिडून सांगितला होता, "तेवढ्यात दारात गाडी उभी राहिली असती."

वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. "माझे मेगापिक्सेल २४.३. तुझे २४.६. दहा वर्षांत वाढले किती? शून्य पूर्णांक तीन दशांश."

"मामा, हे तू पाठ करून आलायस."

आलो होतोच.

पण पत्ता टाकला तसा फुकट गेला, कारण फरक पिक्सेलच्या संख्येत नाहीच, ते वाचले कसे जातात त्यात आहे. माझ्या कॅमेऱ्यात पडदा आहे. बटण दाबलं की चित्र टिपणाऱ्या सेन्सरसमोरून एक फट सरकत जाते आणि चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उजळतं. म्हणून तो 'खटाक्' आवाज. तिच्या कॅमेऱ्यात पडदाच नाही. इतर बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत पडदा न वापरता फोटो काढला तर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. वेगाने फिरणारी बॅट मग वाकडी दिसते. हिच्यात सगळे पिक्सेल एका क्षणी वाचले जातात. याला ग्लोबल शटर म्हणतात, आणि फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, मिररलेसमध्ये ते पहिल्यांदा याच कॅमेऱ्याने आणलं. तिला त्यातलं शास्त्र सांगण्यात रस नव्हता. ती म्हणाली, "भर दुपारी लॉनवरच्या लग्नात फ्लॅश मारायचा म्हणजे काय त्रास असतो माहितीय? तुझ्या कॅमेऱ्यात शटर स्पीड १/१६० सेकंदाच्या वर गेला की फोटोत काळा पट्टा. मी आता कुठल्याही स्पीडला फ्लॅश मारते. नवरा-नवरीही उजळ, मागचं आकाशही निळं." मला लग्नात फोटो काढायला कुणी बोलावत नाही, त्यामुळे या सुखाची नीटशी कल्पना येईना. मान मात्र डोलावली.

भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर धुकं होतं. होडीत बसण्याआधी काठावरच आम्ही तो खेळ केला. दोन्ही कॅमेऱ्यांचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, एकच, २०१०पासून चालत आलेला ई-माउंट. म्हणजे हिची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला आणि माझी हिच्या कॅमेऱ्याला. तिची २००-६०० मिलिमीटरची लेन्स दोन किलोंच्या वर आहे. ती मी माझ्या साडेतीनशे ग्रॅमच्या डबीला लावली. कॅमेऱ्याला लेन्स लावली असं म्हणणंच चूक होतं, लेन्सला पाठीमागून कॅमेरा चिकटवला होता. बैलगाडीच्या मागे कंदील लटकवावा तसा. उलट माझी चिमुकली किट लेन्स तिच्या कॅमेऱ्यावर बसली, तर त्याने ती ओळखली, कडा आपण होऊन छाटल्या आणि १० मेगापिक्सेलच्या आसपासचं चित्र पुढे ठेवलं. मोठ्या घरातल्या माणसाने गरीब पाहुण्याला समजून घ्यावं तसं. मग ज्याची लेन्स त्याला परत केली. होडीत लेन्स बदलायची नाही, हा माझा नियम. एकदा बदलली होती. पुढचे दोन महिने माझ्या प्रत्येक आभाळात एकाच जागी एक काळा ठिपका होता.

रोहित पक्षी होते, भरपूर होते, लांब होते. त्यांचे फोटो सगळ्यांनी काढलेत, आम्हीही काढले. चित्रबलाक अंगाला पीळ देऊन उभे होते. पण आमची होडी थांबली ती कवड्या खंड्यापाशी. काळा-पांढरा, मैनेहून थोडा मोठा म्हणा ना. हा पक्षी पाण्यावर हवेतच एका जागी फडफडत राहतो, चोच खाली, नजर खाली. मग अचानक पंख मिटतो आणि दगडासारखा खाली पडतो.

"साहेब, तयार राहा. आता टाकतोय उडी," नावाडीदादा म्हणाले.

तयार राहणं हे मी गेली दहा वर्षं करत आलोय. ए६००० सेकंदाला ११ फोटो काढतो. २०१४ साली हा आकडा ऐकून लोकांच्या भुवया वर जायच्या, आणि ०.०६ सेकंदात फोकस होतो अशी त्याची जाहिरात होती. पण सेकंदाला ११ म्हणजे दोन फोटोंमध्ये साधारण ९० मिलिसेकंद रिकामे. त्यात माणसाचं बोट: डोळ्यांनी पाहिलेलं बोटापर्यंत पोचायला पाव सेकंद जातोच. तेवढ्यात खंड्याचं काम उरकतं. म्हणून मग तुम्ही पाहून दाबत नाही, अंदाजाने दाबता. त्याच्या फडफडण्यात एक बारीक फरक पडतो, पंखांचा ताल किंचित तुटतो, तेव्हा दाबायचं. कधी तो पडतो. कधी नुसता जागा बदलतो आणि तुमच्या कार्डावर रिकाम्या हवेचे वीस फोटो जमा होतात. एकवीस-बावीस रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेले, फोटो झाले की कॅमेरा दम खातो, आणि ते कार्डावर उतरेपर्यंत तुम्हीही खायचा.

मी ताल तुटताना पाहिला, दाबलं. खटाक् खटाक् खटाक्. शेजारच्या होडीतल्या बाईंनी वळून पाहिलं. माझ्या एका फ्रेममध्ये खंड्याची शेपटी होती, वरच्या कडेला. त्यापुढच्या फ्रेममध्ये पाण्यावर एक वर्तुळ.

भाचीच्या बाजूने काहीच आवाज नव्हता. मला वाटलं, तिने काढलाच नाही. मी जरासा खूशही झालो, खोटं कशाला बोलू.

"मिळाला," ती म्हणाली.

तिने मला दाखवलं. आधी डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमधून: माझ्यातलं चित्र १४ लाख ठिपक्यांचं, तिच्यातलं ९४ लाखांचं, खिडकीची जाळी काढल्यासारखं वाटतं. पक्ष्याच्या डोळ्यावर एक छोटा चौकोन चिकटलेला, पक्षी जाईल तिकडे जाणारा. माझा चौकोन अशा वेळी मागची बाभळीची फांदी पसंत करतो. मग तिने तो फोटो उघडून दाखवला. चोचीचं टोक पाण्याला लागतंय. खालून पाण्यातल्या चोचीचं टोक वर आलंय. मधे काही नाही. अजून वर्तुळसुद्धा उठलेलं नाही.

"एवढं अचूक कसं दाबलंस?"

"मी कुठे दाबलं? मी दाबलं तेव्हा तो आत गेला होता."

मला आधी वाटलं, चेष्टा करते. मग तिने समजावलं. बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा मनातल्या मनात फोटो काढत राहतो आणि टाकून देत राहतो. पूर्ण दाबलं की मागच्या एका सेकंदापर्यंतचे सगळे ठेवून घेतो. सेकंदाला १२०पर्यंत. म्हणजे खंड्या पडताना बघायचा, पाण्यात जाऊ द्यायचा, 'अरे वा' म्हणायचं, आणि मग बटण दाबायचं. उशिरा आलेल्या माणसासाठी गाडी मागे आणून फलाटाला लावावी तसं हे.

मला हेवा वाटला. 'कॅमेरा महत्त्वाचा नसतो, नजर महत्त्वाची' असं म्हणणाऱ्यांत मी बसत नाही. असं म्हणणाऱ्यांच्या गळ्यात नेहमी महागडा कॅमेरा असतो. तो फोटो माझ्या कॅमेऱ्यातून निघण्यासाठी मला अजून चाळीस सकाळी होडीत बसावं लागलं असतं, आणि एक दिवस नशिबाने चोच आणि खटाक् एकत्र आलं असतं. काठावर येऊन चिलापी मासा आणि बाजरीची भाकरी खाल्ली. त्या ताटाचे दोघांनी फोटो काढले आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. कुठला कुणाचा, हे कुणालाच ओळखता आलं नाही. चांगल्या उजेडात, हलत नसलेल्या चिलापीसमोर आम्ही बरोबरीत.

दुपारी ताईकडे परतलो. ताई जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. भाचीने त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडला आणि खंड्या निवडायला बसली. सकाळच्या अडीच तासांत तिचे सात हजार आठशे फोटो झाले होते. माझे एकशे नव्वद. माझे पंधरा मिनिटांत बघून झाले. मग मी मेथीची एक जुडी ओढून घेतली.

एका उडीच्याच दीडशेहून जास्त फ्रेम. चोच पाण्यापासून चार बोटं. साडेतीन बोटं. तीन बोटं. पंखाचं एक पीस इकडे, तेच पीस किंचित तिकडे. भाची पुढे जाई, मागे येई, दोन फ्रेम शेजारी ठेवी, डोळा मोठा करून बघे. मी होडीत पाव सेकंदात जे ठरवलं होतं, चुकीचं का होईना, ते ती इथे पंख्याखाली बसून दीडशे वेळा ठरवत होती. माझी मान काठावरच आखडून झाली होती, तिची आता आखडायला लागली. लग्नाचं काम असलं की हे चार-चार दिवस चालतं म्हणाली. नवरी हसताना ऐंशी, त्यातली हसू पुरतं उमललेली पण डोळे न मिटलेली एक.

ताईने चष्म्यावरून डोकावून पाहिलं. "सगळे एकाच पक्ष्याचे?"

"हो."

"ठेवणार किती?"

"एक. फार तर दोन."

"आणि बाकीचे?"

"डिलीट."

ताईने हातातली काडी बाजूच्या ढिगात टाकली. "मेथीची देठं निदान गाईला तरी घालता येतात."

संध्याकाळ झाली तरी चोचीचा निकाल लागला नव्हता. दोन फ्रेम उरल्या होत्या. मला त्या सारख्याच दिसत होत्या. भाचीने लॅपटॉप मिटला, डोळे चोळले आणि म्हणाली, "मामा, रविवारी मैत्रिणींबरोबर तुळशीबागेत जाणार आहे. तुझा छोटा देशील?"

"का? हा काय झाला?"

"हा बाहेर काढला की लोक थबकतात. कुठल्या चॅनेलच्या म्हणून विचारतात. आणि घरी येऊन परत हे कोण करणार?"

दिला. बॅटरी संपलेली होती. पहाटे निघण्याच्या गडबडीत मी ती अर्धीच भरून आणली होती. वेगळा चार्जर नाही, केबल थेट कॅमेऱ्यालाच लावायची, आणि ती मी घरी विसरलो होतो. भाचीने आपली केबल पुढे केली. ती टाइप-सी, आत जाईना. तिने उलटी करून पाहिली, मग त्या भोकात वाकून पाहिलं.

"हे कसलं भोक आहे?"

"मायक्रो-यूएसबी."

ताईच्या घरातले चार ड्रॉवर उघडले. एकात तीन मोबाइलचे डबे, एकात नुसती रबरबँड. शेवटी ती केबल निघाली कपाटावरच्या बंद पडलेल्या ब्लूटूथ स्पीकरला अजून टोचलेली. पुसून लावली. कॅमेऱ्यावरचा नारिंगी दिवा लागला, आणि ताई म्हणाली, केबल परत आणून द्या, तो स्पीकर मला दुरुस्त करायचाय.