सीटी की एमआरआय? मिरजेला तपासणीला निघण्याआधी

जत, कवठेमहांकाळकडून मिरजेला येणारे पेशंट बऱ्याचदा जुन्या फिल्म घरीच ठेवून येतात. मग तोच सीटी पुन्हा. छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी किरणोत्सर्ग लागतो, पोटाच्या सीटीला ८ ते १० च्या आसपास. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. गरजेचा सीटी टाळू नका, पण फिल्म आणि सीडी पिशवीत टाकाच. गरोदरपणाची शंका असेल तर आधी सांगा.

कॉन्ट्रास्टचं, म्हणजे आतले अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून देतात त्या औषधाचं, इंजेक्शन असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड कसं चालतंय हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत हवा. मूत्रपिंड कमजोर असून शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ती गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही. एमआरआयतही नाही, पण तिथला चुंबक चोवीस तास चालूच असतो. स्ट्रेचरखालचा ऑक्सिजन सिलिंडरसुद्धा तो खेचून घेतो. कुपवाड एमआयडीसीत लेथ, ग्राइंडरवर काम करणाऱ्यांनी तर डोळ्यात कधी कीस गेला होता का, हे आठवून सांगायलाच हवं. आत राहिलेला बारीक लोखंडी कण चुंबकाने हलला तर नजर जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.