काहीच नसलेल्या बीचचं बुकिंग

एखाद्या नॅशनल पार्कने स्वतःचीच बदनामी करायची ठरवली, हे मला जाम आवडलेलं आहे. फ्रान्समधल्या मार्सेलिसच्या दक्षिणेला कालांक आहेत, म्हणजे चुनखडीचे पांढरेफटक कडे आणि त्यांच्या मधे घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या. २०१२ मधे या सगळ्याचं नॅशनल पार्क झालं, मग इन्स्टा आलं, आणि स्युजितों नावाच्या एका एवढ्याशा खाडीत उन्हाळ्यात दिवसाला अडीच अडीच हजार माणसं उतरायला लागली. पार्कवाल्यांनी काय करावं? जाहिरातीचं उलटं सुरू केलं. गर्दी असते, परतीचा चढ दमवतो, पाणी गार असतं, खाली काही मिळत नाही असं स्वतःच सांगायला लागले. आणि २०२२ पासून सीझनमधे दिवसाला फक्त ४०० माणसं, तीही आधी बुकिंग करून. पास फुकट आहे पण तीन दिवस आधी सकाळी नऊला खिडकी उघडते आणि पासशिवाय सापडलात तर ६८ युरो दंड.

माझा आतेभाऊ लुमिनीला पोस्टडॉक करतो. लुमिनी म्हणजे मार्सेलिसच्या एका टोकाचं युनिव्हर्सिटी कॅम्पस, शहरातली बस तिथे येऊन संपते आणि बसस्टॉपच्या मागून थेट जंगल चालू होतं. नऊ वाजता लॅबमधे बसून त्यानेच आमचा क्यूआर कोड काढला. मला म्हणाला, "ताई, तिकडे काही म्हणजे काही नाही हां. पाण्याचा नळसुद्धा नाही. प्रत्येकी दोन लिटर घेऊनच निघायचं."

वाट सुरुवातीला रुंद आणि सोपी आहे, अलेप्पो पाइनची झाडं, आणि ऊन तापलं की ते सिकाडा किडे असे काही ओरडतात की शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. खिंडीपर्यंत येईतो समुद्राचा पत्ताच नसतो. आणि मग एकदम खाली तो निळा, समोर मॉर्ज्यूचं भूशिर, डावीकडे कडेच कडे, आणि आपण जिथे जाणार ती जागा इतकी खाली की पोटात गोळा येतो. तिथून पुढे वाट वळणं घेत उतरते. चुनखडी लोकांच्या बुटांनी घासून घासून गुळगुळीत झालेली आहे, सँडलवाले सगळे बसून उतरत होते. आपल्याकडे जांभ्याच्या पाखाड्या असतात त्या पायाला धरतात तरी, हा दगड अजिबात धरत नाही.

बुकिंग का लागतं ते वाटेतच कळतं. पाइनची मुळं गुडघाभर उघडी पडलीत. उतारावर माती मुळातच बोटभर असते, हजारो पायांनी ती सुटते, पावसात वाहून जाते, मग नवीन रोप धरत नाही आणि जुनं झाड नुसतं दगडाला कवटाळून उभं. ठिकठिकाणी दोऱ्या लावून कडेच्या जागा बंद केल्यात, माती परत धरेपर्यंत तिथे पाय टाकायचा नाही. लोक मुकाट्याने दोरीच्या या बाजूने चालतात, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

खाली पोचल्यावर खरंच काही नाही. दोन छोट्या गोट्यांच्या पुळणी, मधे सपाट कातळ, पाण्यात टॉर्पेडो बोटीसारखा दिसणारा एक खडक (त्याचं नावही तेच आहे), झालं. टपरी नाही, टॉयलेट नाही, छत्री भाड्याने देणारा नाही. बाजूच्या खडकांवर काही लोक कपड्यांशिवाय ऊन खात पडलेले असतात, पहिली पाच मिनिटं आपण भलतीकडेच बघत बसतो, मग काही वाटत नाही. आम्ही बगेत पावामधे चीज आणि आत्याने पाठवलेली लसणीची चटणी भरून नेली होती.

आणि पाणी गार. गार म्हणजे जुलै महिन्यात दात वाजतील इतकं. आदल्या दोन दिवसांत मिस्त्राल झाला होता, तो उत्तरेकडून येणारा वारा किनाऱ्याजवळचं वरचं तापलेलं पाणी समुद्रात ढकलून देतो आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं, दोन दिवसांत पाच-सात डिग्री सहज उतरतात. म्हणजे वर आकाश धुतल्यासारखं निळं, ऊन कडक, आणि पाण्यात पाय घातला की किंकाळी. पार्कवाले खोटं बोलत नव्हते.

मी गुहागरकडची, त्यामुळे समुद्र बघितला की आधी भरती कधी ते बघायचं ही सवय. इथे तो प्रश्नच नाही! भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. आमच्याकडे दोन-अडीच मीटर पाणी वरखाली होतं, इथे लोक पाण्यापासून हातभर अंतरावर टॉवेल टाकून दिवसभर निवांत. मला संध्याकाळपर्यंत उगाच चप्पल वर सरकवून ठेवावीशी वाटत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे ते काचेसारखं पाणी, ज्याच्यासाठी सगळे जीव टाकतात. आतेभाऊ म्हणाला ते स्वच्छ आहे याचं एक कारण म्हणजे त्यात खायला फारसं काही नाही. पोषक द्रव्यं कमी, प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) कमी, म्हणून दहा-पंधरा मीटर खालचा तळ दिसतो. आपलं पावसाळ्यानंतरचं गढूळ पाणी म्हणजे भरलेलं ताट, तिथे बांगडे-तारल्या झुंडीने येतात. तेव्हापासून कोणी कोकणच्या समुद्राला "डर्टी" म्हणालं की मी हे लेक्चर देते, ऐकणाऱ्याला नको असलं तरी. (प्लास्टिकचा विषय वेगळा, तिथे मी गप्प.)

समोरच्या मॉर्ज्यूच्या भूशिराबद्दल मात्र मला आधी काहीच माहीत नव्हतं. त्याच्या पोटात, पाण्याखाली ३७ मीटरवर एका बोगद्याचं तोंड आहे, आणि तो बोगदा चढत चढत एका गुहेत निघतो. आँरी कॉस्केर नावाच्या डायव्हरला ती १९८५ मधे सापडली. आत भिंतींवर २७,००० वर्षांपूर्वीचे हाताचे ठसे, आणि त्यानंतर काही हजार वर्षांनी काढलेले घोडे आणि पेंग्विनसारखे दिसणारे पक्षी. हिमयुगात समुद्र १२० मीटरच्या आसपास खाली होता आणि किनारा कित्येक किलोमीटर पुढे, म्हणजे ती माणसं डोंगराच्या कुशीतल्या कोरड्या गुहेत बसून चित्रं काढत होती. मी ज्या खाडीत पाय बुडवून बसले होते ती तेव्हा कोरडी दरी होती. हे कळल्यावर मी बराच वेळ तिकडेच बघत बसले, आणि आतेभाऊ चटणी संपवत बसला.

आईला व्हिडिओ कॉल परत लुमिनीला आल्यावर लावला. एवढं सगळं दाखवलं, तिचा पहिला प्रश्न, "ते राहू दे, सावरकरांनी उडी मारली ती जागा बघितलीस का?" मार्सेलिसला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हा प्रश्न येतोच. तिला सांगितलं की ते बंदर शहरात, इथून बरंच लांब, आणि मोरिया बोट १९१० साली होती, आता तिथे मोठमोठी क्रूझ जहाजं लागतात. "म्हणजे नाहीच बघितलीस," म्हणाली.

मला विचाराल तर या जागेची सगळी मजा तिथपर्यंत रस्ता न नेण्यात आहे. आपल्याकडे एखादी चांगली पुळण व्हायरल झाली की पहिली मागणी डांबरी रस्त्याची, मग पार्किंग, मग वॉटर स्कूटर, आणि चार वर्षांनी तेच लोक म्हणतात आता पूर्वीसारखं राहिलं नाही हो. गावातल्यांना रस्ता हवाच, त्याबद्दल वाद नाही, दवाखान्यात कसं जायचं त्यांनी. पण जिथे घरच नाही तिथे तरी माणसाला एक तास चालू द्या की.

जाणार असाल तर बूट घाला, सिगारेट नेऊ नका (तिथे बंदी आहे, आगी लागतात), आणि परतीचा चढ दुपारी दोनला चढायचा विचार सोडा, सावली नाही. पासच्या भरवशावर विमानाचं तिकीट तर अजिबात ठरवू नका. उन्हाळ्यात वारा आणि कोरडेपणा बघून आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या आगीच्या धोक्याचा रंग जाहीर होतो, लाल असेल तर अख्खा डोंगर बंद आणि तुमचा पासही रद्द. एक-दोन दिवस हातचे ठेवूनच जा.